बादशहाला पाठ दाखवायची राहिली होती

दिल्लीहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का, चांदणी चौकात पराठे खाल्ले का. यातलं आम्ही एकही केलं नाही. आम्ही दिल्लीला गेलो होतो ते एका बादशहाला पाठ दाखवायला. आम्ही म्हणजे माझे नानाकाका, वय त्र्याऐंशी, आणि त्यांच्या गोळ्या, कानटोपी व तक्रारी सांभाळायला मी, त्यांची पुतणी वसुधा.

बादशहा म्हणजे इंग्लंडचा राजा. १९११ साली तो दिल्लीला आला, त्याने मोठा दरबार भरवला आणि यच्चयावत संस्थानिकांना हजेरी लावायला बोलावलं. नियम असा होता की समोर जायचं, तीनदा वाकायचं आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी मागे यायचं. आमचं दक्षिणेकडचं संस्थान इतकं लहान की राजेसाहेबांची मिरवणूक निघाली की पुढचा घोडा शेजारच्या संस्थानात पोहोचलेला असे. तरीही आमंत्रण आलं. राजेसाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि त्यांचे शिक्षक होते माझे पणजोबा, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत. उलटं चालायची तालीम घ्यायचं काम आबांकडे आलं.

ही तालीम आमच्या घरात प्रत्येक लग्नामुंजीत सांगितली जाते. तपेलं डोक्यावर उपडं घालून खजिनदार खुर्चीवर बसत, म्हणजे ते बादशहा. राजेसाहेब तीनदा वाकत आणि उलटे निघत, त्यांच्याबरोबर आबाही. अंगणात मागे विहीर होती, म्हणून काठावर एक माणूस हात पसरून उभा असे. महिनाभर असं चाललं. आणि मग, नानाकाकांच्या सांगण्यानुसार, प्रत्यक्ष दरबारात राजेसाहेब एकदाच वाकले, आबा मागून हळूच म्हणाले, "फिरा," आणि राजेसाहेबांनी बादशहाकडे सरळ पाठ केली. त्या दिवशी एका मोठ्या मराठी संस्थानिकांनी पाठ फिरवली हे तर इतिहासातच आहे. आमच्या राजेसाहेबांचीही फिरली होती, पण छोट्या माणसांची दखल कोण घेतो, असं नानाकाकांचं म्हणणं.

यंदा ती दखल आमच्या सांगलीतल्या वाचनालयाने घेतली. नानाकाकांचं व्याख्यान ठरलं, विषय 'आमच्या संस्थानाचं विसरलेलं बंड'. नानाकाका म्हणाले, जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. त्यांचे गुडघे बदलायचे आहेत, त्याच्या आत जाऊन यायला हवं होतं. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी शकूआत्या, फरीदाबादला असते. त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. गाडीतल्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की नानाकाकांनी समोरच्या बाकावरच्या सगळ्यांना ती तालीम करून दाखवली.

फरीदाबाद

शकूआत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन दिल्लीला आली, नवऱ्याच्या सरकारी नोकरीत आयुष्य काढलं, आता मुलाकडे फरीदाबादला नवव्या मजल्यावर राहते. साठ वर्षांत तिच्या आमटीतला गूळ कमी होत होत नाहीसा झाला आहे, आणि मेथीच्या पराठ्यावर लोण्याचा गोळा घालताना तिचा हात थांबत नाही. तिची नात तन्वी गुडगावला कुठल्याशा मोठ्या ऑफिसात काम करते. तिचं मराठी गोड आहे, पण मधे मधे शब्द हरवतात.

पहिल्याच सकाळी नानाकाका फ्रिजवर आदळले. त्याचं असं झालं की आत्याच्या घरी देव स्वयंपाकघरातल्या एका कपाटात आहेत. नानाकाका सांगलीला रोज गणपतीला जातात आणि दर्शन झालं की हात जोडून पाच-सहा पावलं उलटे येतात. देवाला पाठ दाखवायची नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मीसुद्धा तशीच येते. पण देवळात मागे मोकळी जागा असते आणि आत्याच्या स्वयंपाकघरात फ्रिज आहे. तन्वी धावत आली आणि म्हणाली, "नानाआजोबा, रिव्हर्समध्ये का चालता?" मी तिला सांगितलं की देवाकडे पाठमोरं व्हायचं नसतं. "पाठमोरं म्हणजे?" तिने विचारलं. मी उभी राहून दाखवलं.

तन्वीला हे सगळं फार आवडलं. तिच्या ऑफिसात म्हणे कंप्युटरवर मीटिंग होते तेव्हा बॉस बाहेर पडल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. सगळे हसरा चेहरा करून पडद्यावरच्या आपापल्या चौकोनात बसून राहतात. आत्या म्हणाली, तुझ्या आजोबांच्या ऑफिसातही तेच होतं. इंग्रज जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्यांचे स्टेनो साहेबाच्या खोलीतून उलटे बाहेर पडत आणि दाराजवळचा पाण्याचा माठ दरवर्षी नवा आणावा लागे.

दुपारी गच्चीवर ऊन खायला बसायचं, ही तिकडची पद्धत मला मनापासून पटली. आपल्याकडे उन्हात बसलेल्या माणसाला लोक सावलीत बोलावतात. तिथे अख्खी बिल्डिंग खुर्च्या घेऊन वर येते, संत्री सोलते आणि शेंगदाण्यांची टरफलं पाडत बसते. नानाकाका आत्याला व्याख्यान म्हणून दाखवत होते. "फिरा" या शब्दापाशी ते नेहमीप्रमाणे थांबले. आत्याने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि बी काढून म्हणाली, "अरे, पण राजेसाहेब पडले होते ना."

नानाकाका म्हणाले, कोण पडलं होतं?

मग आत्याने तिची गोष्ट सांगितली. राजेसाहेब तीनदा नीट वाकले. उलटे निघाले. चार पावलांवर पायात स्वतःचाच शेला आला आणि ते बसले धप्पकन खाली. आबांनी धावत जाऊन त्यांना उचललं आणि कसंबसं बाजूला नेलं. बंडबिंड काही नाही. आबा तिला हे तिच्या वेण्या घालताना सांगत, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

"मला आबांनी असं कधीच सांगितलं नाही," नानाकाका म्हणाले.

"तू मुलगा होतास," आत्या म्हणाली. "तुला शूर गोष्टी सांगायचे. मला खऱ्या सांगायचे."

मला नानाकाकांचं फार वाईट वाटलं. सत्तर वर्षं त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. शाळेत, कारखान्यात, स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत. आता वाचनालयात उभं राहून काय सांगणार? दिव्याच्या वेळेला ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ताई म्हणते ते खरं असेल तर राजेसाहेबांची पाठ फिरवायची राहिलीच. मग ती मीच फिरवतो. निदान मंचावर माझं बोलणं खोटं तरी पडणार नाही.

सरोजिनी नगर, कोपर्निकस मार्ग

बादशहाला पाठ दाखवायची तर पाठ चांगली दिसली पाहिजे, असं नानाकाकांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना कोट घ्यायला सरोजिनी नगरला गेलो. आत्या चाकांच्या खुर्चीतून बरोबर आली. तिचं क्वार्टर तिथेच होतं. 'होतं' एवढंच, कारण त्या ओळीच्या ओळी पाडून आता उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि भोवती पत्रे ठोकले आहेत. आत्याने पत्र्याच्या एका फटीतून बघितलं आणि बोट दाखवलं, तिथे माझी तुळस होती. तिथे आता काँक्रीट फिरवायचं यंत्र होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, त्या दरबारातच बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचं जाहीर केलं. त्या एका वाक्यामुळे आमच्या ह्यांची नोकरी इथे, आणि त्यांच्यामागोमाग मी इथे. राजधानी कलकत्त्यालाच राहिली असती तर मी आज माशांचा रस्सा करत असते.

मला हसू आलं आणि लगेच डोळेही पुसावे लागले. इतिहास असा कोणाच्या तरी आमटीपर्यंत येतो हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

बाजारात मात्र रडायला सवड नाही. तिथे कपड्यांचे ढीग असतात आणि ढिगांवर माणसं उभी राहून ओरडत असतात. नानाकाकांची हिंदी सांगलीची. "ये कोट हमको जरा ढीला होता है क्या, देखो," असं त्यांनी विचारलं, तेव्हा दुकानदाराने तीन कोट एकदम त्यांच्या अंगावर चढवले. शेवटी एक काळा, गुडघ्यापर्यंतचा कोट पसंत पडला. आरशात समोरून भारदस्त दिसत होता. आत्याने बटणं तपासली, तन्वीने पैसे कमी करवले, मी खिसे पाहिले. पाठ कोणीच पाहिली नाही. ती आम्ही घासाघीस संपवून बाहेर उजेडात आलो तेव्हा दिसली. पाठभर चमकीचा वाघ होता, जबडा उघडलेला, डोळ्यांना हिरवे खडे.

मी परत करायला निघाले तर तन्वी म्हणाली, "बिल्कुल नहीं. वसूआत्या, बादशहा काय बघणार आहे? पाठच ना?" नानाकाकांनी यावर थोडा विचार केला आणि कोट अंगातच ठेवला.

जेवायला आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात गेलो. दिल्लीतल्या मराठी माणसाला घराची फार आठवण आली की तो इथे येऊन भरली वांगी खातो, असं आत्याने सांगितलं. वांगी चांगली होती. शेजारच्या टेबलावर अकोल्याचे एक सरकारी गृहस्थ होते. नानाकाकांच्या पाठीवरचा वाघ पाहून त्यांनी आपण होऊन बोलणं काढलं. आम्ही कुठे जाणार ते ऐकल्यावर म्हणाले, तिकडे काय बघायचंय, स्वातंत्र्यानंतर नकोसे झालेले पुतळे नेऊन ठेवलेत नुसते. नानाकाका म्हणाले, आम्हाला नकोसाच हवाय.

बादशहाच्या पायाशी

दरबाराची जागा शहराच्या उत्तरेला, अगदी टोकाला आहे. आता तिथे बाग आहे. बादशहाचा हा पुतळा पूर्वी शहराच्या ऐन मध्यात, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी, छत्रीखाली उभा होता. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं लोकांनी सहन केला आणि मग इथे आणून ठेवला. त्याच्याभोवती त्याचे व्हाइसरॉय आहेत. काहींची नाकं गेली आहेत. काही चौथऱ्यांवर कोणीच नाही. क्रिकेट खेळायला आलेली मुलं त्या रिकाम्या चौथऱ्यांवर स्वेटर काढून ठेवतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा इतकं दाट धुकं होतं की बादशहा दिसेना. तन्वी म्हणाली धुकं कसलं, अर्धा धूर आहे. आम्ही आत्याची खुर्ची ढकलत त्याला शोधत फिरलो. दोनदा भलत्याच व्हाइसरॉयपाशी जाऊन उभे राहिलो. नानाकाका एकासमोर घसा खाकरून सुरुवातही करणार होते, पण तो टकला निघाला. शेवटी एक प्रचंड उंच चौथरा लागला आणि त्यावर पांढऱ्या दगडाचा झगा वर वर जात धुक्यात नाहीसा झाला होता. चेहरा दिसतच नव्हता. पण एवढा झगा दुसऱ्या कोणाचा असणार?

नानाकाका पुढे झाले. आम्ही मागे थांबलो. आत्याने शाल नीट केली आणि पुढे वाकून बघू लागली. फजिती बघायला येते आहे, असं ती घरून निघताना म्हणाली होती, पण तिने माझा हात घट्ट धरला होता.

नानाकाकांनी पहिल्यांदा काय केलं तर बूट काढले.

"नाना," आत्या म्हणाली, "पाय गारठतील. देव नाही तो."

ते ओशाळले. पुन्हा बूट घालायला त्या गुडघ्यांना वेळ लागला. तेवढ्यात बागेचा पहारेकरी आला आणि म्हणाला, "बाबूजी, यहाँ पूजा अलाउड नहीं है." तन्वीने त्याला बाजूला नेऊन समजावलं की पूजा नाही, उलटंच काहीतरी आहे. तो तिथेच उभा राहून बघू लागला.

नानाकाकांनी भाषण पाठ करून आणलं होतं. "हे सम्राटा," असं त्यांनी सुरू केलं, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. आमचं संस्थान लहान होतं, ते म्हणाले, आमचे राजे पोरवयाचे होते, तुझ्यापुढे त्यांना वाकायला लावलंस. त्यांचं जे राहिलं ते करायला मी आलो आहे. एवढं बोलून ते थांबले. पुढचं विसरले असावेत. मान वर करून त्या धुक्यातल्या उंच झग्याकडे बघत राहिले.

आणि मग त्यांचे हात जोडले गेले.

मी ते पाहिलं आणि मला पुढचं सगळं कळलं. हात जोडले गेल्यावर पाय कोणाचं ऐकतात? एक पाऊल मागे आलं. दुसरं आलं. वाघ हळूहळू आमच्या दिशेने येऊ लागला. चौथ्या पावलाला टाच फुलांच्या वाफ्याच्या विटेला अडली आणि नानाकाका दोन्ही हात जोडलेल्या अवस्थेत झेंडूत बसले.

पहारेकरी धावला, तन्वी धावली, मीही धावले. लागलं नव्हतं. माती ओली होती आणि कोट जाड होता. पण नानाकाका उठेनात. आम्ही हात देत होतो आणि ते आमच्याकडे न बघता आत्याकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "पाय आपले आपणच मागे आले गं."

मला वाटलं आत्या आता हसेल. ती हसली नाही.

"राजेसाहेबांचेही तसेच आले असतील," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांचं पोर. तू तर त्र्याऐंशीचा होऊन पडलास." मग तिने दोन्ही हात पुढे केले. "आता ऊठ. आणि त्याच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघत ये."

आम्ही त्यांना उठवलं. ते वळले आणि बहिणीकडे बघत, लंगडत, एकेक पाऊल टाकत आले. बादशहा त्यांच्या मागे होता. त्याच्याकडे तोंड करून फक्त वाघ होता, आणि त्याच्या जबड्याला झेंडूची फुलं लागली होती. आत्याने नानाकाकांचे हात धरले आणि मग त्यांना वळवून पाठीवरची माती झटकली, लहानपणी झटकत असेल तशी, जरा जास्तच जोराने. मला रडू आलं. पहारेकऱ्याने विचारलं, हो गया? तन्वी म्हणाली, हो गया भैया.

बाहेरच्या टपरीवर आम्ही आल्याचा चहा घेतला. नानाकाकांनी दोन कप घेतले, ते घरी कधी घेत नाहीत. ताईची गोष्ट खरी आहे, त्यांनी मला सांगितलं. वाचनालयात मी तीच सांगेन.

सांगली

आणि त्यांनी सांगितली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. वाचनालयाचा हॉल भरला होता. नानाकाका वाघाचा कोट घालून उभे राहिले, इथे थंडी नसतानाही. तालीम सांगितली, तपेलं सांगितलं, विहीर सांगितली. "फिरा" या शब्दाची जागा आली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, आजवर मी तुम्हाला हे चुकीचं सांगत आलो, राजेसाहेब पडले होते. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग त्यांनी दिल्लीचं सांगितलं. धुकं, टकला व्हाइसरॉय, उंच चौथरा, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून ताठ मानेने कसे चालत आलो ते.

"पण सवय ही फार वाईट गोष्ट," ते पुढे म्हणाले. "माझी पुतणी वसुधा बरोबर होती. तिने हात जोडले आणि निघाली उलटी. चार पावलांवर बसली झेंडूत. मग मी धावत जाऊन तिला उचललं."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघून हसला. मी नानाकाकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. त्यांना ते तसंच आठवत होतं.

तिथे बसल्या बसल्या मला आबा आठवले, म्हणजे त्यांचा भिंतीवरचा फोटो आठवला. नातीच्या वेण्या घालताना सांगत, राजेसाहेब पडले आणि मी धावत जाऊन उचललं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. महिनाभर राजेसाहेबांबरोबर उलटं कोण चाललं होतं? ते एकोणीस वर्षांचे राजेसाहेब पुढे म्हातारे होऊन गेले, पण त्यांनी या गोष्टीबद्दल कधी काही बोलल्याचं आमच्या घरात कोणाच्या ऐकिवात नाही. भला माणूस असावा.

कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी माझ्याजवळ आल्या. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, फार लागलं नाही ना गं?

नानाकाका पलीकडे उभे होते, लोक त्यांच्या पाठीवरचा वाघ बघत होते. मी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता बरं आहे."